पुणे की हैदराबाद? सोलापूरच्या रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, मुलीसाठी स्थळं बघायला लागलं की "मुलगा कुठं असतो?" या प्रश्नाला दोनच उत्तरं येतात. पुण्यात, नाहीतर हैदराबादेत. सोलापुरातच असतो म्हणणाऱ्याचं लग्न लांबतं. आमच्या घरात दोन्ही आहे. थोरला मुलगा पुण्यात मांजरीला, धाकटी बहीण हैदराबादेत उप्पलला. शिवाय टॉवेल-नॅपकिनचा धंदा, त्यामुळं नमुन्यांची पिशवी घेऊन दोन्हीकडं जाणं होतं. घरात तेलुगू, दुकानात मराठी, म्हणजे भाषेसाठी कुठंच अडत नाही. तेव्हा कुणाची बाजू न घेता लिहिते, असं म्हणायची पद्धत आहे. मी बाजू घेणार आहे.

आधी आकाराचं उरकते. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड धरून पुणे ५० लाखांचं, हैदराबाद ७७ लाखांचं, आणि आपलं सोलापूर साडेनऊ लाखांचं. हैदराबादनं २००७ साली भोवतालच्या १२ नगरपालिका सामावून घेतल्या आणि महापालिका साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या घरात नेली. पुण्यानं २०२१ मध्ये २३ गावं घेऊन क्षेत्रफळात मुंबईला मागं टाकलं. गंमत म्हणजे दोन्हीकडची महानगर विकास प्राधिकरणं स्थापन झाली तेव्हा त्यांचं क्षेत्र जवळजवळ सारखंच होतं, ७,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास. कागदावर सामना बरोबरीत. हद्दवाढ आपणही केली, १९९२ ला, आणि १७८ चौरस किलोमीटरचे झालो. नुसती हद्द वाढवून काय होतं आणि काय होत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

बाहेरगावच्या माणसाला शहराच्या क्षेत्रफळाशी काय करायचंय? त्याला दार कुठं आहे ते कळलं पाहिजे. आपला महामार्ग ६५ एका टोकाला पुण्यात शिरतो आणि दुसरीकडं हैदराबादेत. मी तुलना करते ती या दोन दारांची.

हैदराबादचं दार मियापूर. नळदुर्ग, उमरगा, कर्नाटकातलं हुमनाबाद, मग झहीराबाद, संगारेड्डी, पटनचेरू असं करत गाडी मियापूरला येते आणि तिथं महामार्गावरच मेट्रोचं पहिलं स्टेशन उभं आहे. अगदी आपल्या रस्त्याच्या तोंडाशी. नवखी माणसं एमजीबीएसपर्यंत, म्हणजे मुख्य बसस्थानकापर्यंत, बसून राहतात आणि कुकटपल्ली, अमीरपेटच्या गर्दीत वेळ घालवतात. मियापूरला उतरायचं, जिना चढायचा, लाल मार्गाची गाडी पकडायची. तीच गाडी पंजागुट्टा, नामपल्ली आणि एमजीबीएस करत एल. बी. नगरला जाते. उप्पलला जायचं तर अमीरपेटला बदलून निळा मार्ग. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही मेट्रो आता तीन मार्ग मिळून ६९ किलोमीटर आहे. गाडी मात्र तीनच डब्यांची. संध्याकाळी अमीरपेटला आत शिरायचं म्हणजे हातातली पिशवी छातीशी धरूनच. रेल्वेनं गेलं तरी तीच सोय: पुण्याहून येणाऱ्या शताब्दीनं सिकंदराबादला उतरलं की निळा मार्ग जवळच, आणि उप्पलपर्यंत गाडी बदलायचीही गरज नाही.

पुण्याचं दार हडपसर. पुण्याची मेट्रो चांगली आहे, स्वच्छ आहे, २०२२ च्या मार्चपासून धावते. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट असे दोन मार्ग, ३३ किलोमीटरच्या आसपास. स्वारगेटचं भुयारी स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात उघडलं. आपल्या एसट्या स्वारगेटलाच जातात, म्हणजे उतरून खाली गेलं की मेट्रो. एवढं छान जुळलंय. पण स्वारगेटला पोचेपर्यंत काय? यवत, उरुळी कांचन मजेत जातं, लोणी काळभोरपासून ड्रायव्हर इंजिन बंद-चालू करायला लागतो, आणि मांजरी फाटा ते मगरपट्टा हा पट्टा तर देवाच्या हवाली. सोलापूरची निम्मी पोरं मांजरी, फुरसुंगी, हडपसर याच पट्ट्यात राहतात आणि मेट्रो अजून या बाजूला धावत नाही. कोथरूडला मेट्रो आहे, पिंपरीला आहे. सोलापूरच्या तोंडाशी नाही.

रहदारी हैदराबादेतही काही कमी नाही, हेही लिहिते, नाहीतर बहीण म्हणेल की अक्का पाहुणी होऊन आली आणि कौतुक करून गेली. रहदारी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या जागतिक यादीत १० किलोमीटर जायला पुण्यात साधारण ३३ मिनिटं आणि हैदराबादेत ३१. दोनच मिनिटांचा फरक! फरक आहे तो बाहेरून निघून जायच्या वाटेत. हैदराबादला १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता आहे, आठ पदरी. आमचे दीर अमेरिकेहून आले तेव्हा आम्ही सोलापूरहून मोटारीनं निघालो, पटनचेरूपाशी त्या रस्त्यावर चढलो आणि शहराचं तोंडही न बघता शमशाबादच्या विमानतळावर उतरलो. तो विमानतळ २००८ चा, माळरानावर नव्यानं बांधलेला, ऐसपैस. पुण्याच्या लोहगावला धावपट्टी हवाई दलाची. २०२४ च्या जुलैपासून नवं टर्मिनल वापरात आहे आणि ते देखणं आहे, पण तिथं जायचं म्हणजे परत हडपसर, मुंढवा, खराडी. पुण्याच्या रिंगरोडची चर्चा मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आणि हो, २०२५ पासून सोलापुरात आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरूनही गोवा, मुंबई आणि बेंगळुरूची विमानं सुटू लागली, ते विसरू नये.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र मी हैदराबादचं नाव घेऊन पुण्याचा रस्ता सांगेन. आईचे डोळे आम्ही बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसादला दाखवले. १९८७ ची संस्था, ज्याला परवडत नाही त्याच्यावर मोफत उपचार करणारी, आणि रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांशी कर्मचारी ज्या पद्धतीनं बोलत होते ते मला आवडलं. पण मोठं दुखणं असलं, महिनाभर राहायचं असलं, तर पैशाचा हिशेब बघा. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना पुण्यातल्या रुग्णालयांत उपयोगी पडते. हैदराबादेत चालते ती आरोग्यश्री, आणि ती तिकडच्या लोकांसाठी.

बसचंही तसंच. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं पुण्याचा प्रवास निम्म्यात होतो. हैदराबादला एसटीनं गेलं तर ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. तिकडं तेलंगणाच्या बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ओळखपत्र तिथलं लागतं. हैदराबादच्या बेगम बाजारला, तिथल्या घाऊक बाजारपेठेत, जाताना एकाच बाकावर बसून बहिणीला शून्य रुपयांचं तिकीट आणि मला पूर्ण. कंडक्टरशी मी अस्खलित तेलुगूत बोलून बघितलं. त्यानं आधार कार्ड मागितलं.

आता पाणी. पुणे पितं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरचं, म्हणजे घराच्या मागच्या डोंगरातलं. हैदराबादनं १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले, ते पुरेनात म्हणून मांजरा, मग १०० किलोमीटरहून लांबून पंपानं कृष्णा, मग गोदावरी. एवढं ओढून आणलेलं पाणी, आणि वर महिन्याला २०,००० लिटरपर्यंत घरटी बिल माफ. बहिणीकडं रोज येत नाही, पण वेळेवर येतं. पुण्यात मुलाच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची रांग असते, ती वाढत्या वस्तीची रडकथा. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमेतून उजनीत, आणि उजनीचं पाणी आमच्या नळाला, तेही चार-पाच दिवसांनी एकदा. हैदराबाद आमच्या नळात काही सोडत नाही. पुणं किती वाढलं ते बघायला मला नकाशा लागत नाही. भिगवणपाशी गाडीच्या खिडकीतून उजनीचं हिरवं पाणी बघितलं की अंदाज येतो.

एवढं असूनही माल घेऊन जायला मी पुणंच धरते, आणि त्याचं कारण हुतात्मा एक्सप्रेस. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांच्या स्मरणार्थ हे नाव दिलंय. सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघायचं, साडेदहापर्यंत पुणे स्टेशन, रविवार पेठेत चार दुकानं करायची, लक्ष्मी रोडला एखादी ऑर्डर, आणि संध्याकाळी सहाच्या गाडीनं रात्री दहाला सोलापूर. हैदराबादचं एका दिवसात होत नाही. मुक्काम आला, मुक्काम आला की बहीण, बहीण आली की दोन दिवस. बेगम बाजारचे व्यापारी माल जास्त उचलतात हे खरं, पण उधारी वसूल करायला परत तीनशे किलोमीटर जायचं.

पोचण्याच्या सोयीसाठी हैदराबादला पाचपैकी साडेचार, पुण्याला अडीच. परत येण्याच्या सोयीसाठी उलटं: पुण्याला साडेचार, हैदराबादला तीन. पाण्याचे गुण पुण्याला देत नाही. हडपसरला मेट्रो आली की पुण्याचा एक तारा वाढवीन. तोवर मोटारीनं जाणाऱ्यांनी यवतलाच चहा पिऊन घ्यावा, पुढं थांबायला जागा मिळत नाही.