सात महिने फक्त ब्राउझरवर: चॅट मस्त, मीटिंग ठीक, टॅबचा मात्र भरवसा नाही

ऑफिसने नवीन लॅपटॉप दिला पण ॲडमिन राईट्स दिले नाहीत, त्यामुळे मीटिंगचं ॲप इन्स्टॉल करायला गेलं की पासवर्ड मागतं आणि तो आयटीवाल्यांकडे. आयटीकडे तिकीट टाकलं, म्हणजे मागणी नोंदवली, आणि म्हटलं तोवर ब्राउझरमध्येच भागवू. तोवर तोवर करत सात महिने झाले, तिकीट अजून ओपन आहे.

चॅटसाठी ब्राउझरला माझ्याकडून दहापैकी नऊ. स्लॅक या ऑफिस चॅटचं जे ॲप आपण डाउनलोड करतो ते इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने ॲप बनवायच्या साधनावर बनवलंय, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम, क्रोम ज्यावर बनतं तो ब्राउझरच आहे, मग टॅबमध्ये उघडलं काय नि ॲपमध्ये काय, थ्रेड, सर्च, फाइल टाकणं सगळं जवळपास तेच. आणि दोन क्लायंटची दोन अकाउंटं सांभाळायची असतील तर ब्राउझरच भारी, दोन वेगळी प्रोफाइलं करायची, एकाला निळा रंग एकाला लाल, लॉगआऊट लॉगइनची कटकटच नाही.

एक मार्क कापला तो नोटिफिकेशनसाठी. मॅनेजरचा मेसेज, 'दोन मिनिटं आहेस का', आला ११:१० ला आणि मी बघितला ११:५० ला, कारण टॅब झोपला होता!! हल्लीचे ब्राउझर मेमरी वाचवायला, बराच वेळ न उघडलेले टॅब झोपवून टाकतात. क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स म्हणून आहे, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज, तिथे जाऊन आपल्या चॅटची साईट 'हिला झोपवू नको' या यादीत टाकायची. हे पहिल्या दिवशी करा, माझ्यासारखं बोलणी खाऊन नको. आणि ब्राउझर नोटिफिकेशनची परवानगी विचारतो तेव्हा घाईत ब्लॉक दाबलं असेल तर तो परत विचारत नाही, ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन आपणच सुरू करायची.

आता मीटिंग. इथे मला वाटलं होतं बोंब असेल पण तसं नाही. हे सगळं वेबआरटीसीवर, म्हणजे ब्राउझरमधूनच थेट आवाज आणि व्हिडिओ पाठवायच्या तंत्रावर चालतं, गूगलने २०११ मध्ये ते ओपन सोर्स केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड झालं, त्यामुळे कॅमेरा माइकसाठी वेगळं प्लगइन वगैरे लागत नाही. गूगल मीट तर मुळात ब्राउझरसाठीच बनवलेलं. आणि लिनक्सवाल्यांना हे काही नवीन नाही, मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या मीटिंग टूलचं लिनक्स ॲप २०२२ च्या शेवटी बंदच झालं, तेव्हापासून ते वेबवरच आहेत.

पण काही टूलवाले ब्राउझरची वाट मुद्दाम लपवतात असं माझं मत झालंय. लिंक उघडली की आधी 'ॲप उघडू का', नाही म्हटलं की 'डाउनलोड करू का', तेही नाही म्हटलं की मग खाली बारीक अक्षरात 'ब्राउझरमधून जॉइन करा'. नवीन माणूस तिथपर्यंत पोचतच नाही, बिचारा होस्टला फोन करून सांगतो की लिंक चालत नाहीये.

स्क्रीन शेअरला दहापैकी सहा. एकच टॅब दाखवायचा असेल तर उत्तम, आपले बाकीचे उद्योग कुणाला दिसत नाहीत, क्रोममध्ये टॅबचा आवाजही पाठवता येतो. मॅकवर पूर्ण स्क्रीन दाखवायची तर मात्र आधी सिस्टिम सेटिंग्जमध्ये ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि दिल्यावर तो म्हणतो ब्राउझर बंद करून परत उघडा, म्हणजे भर मीटिंगमधून आपणच बाहेर. एकदा घरी आधीच करून ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास शॉर्टकटचा. आमच्या मीटिंग टूलमध्ये कंट्रोल डी ने माइक बंद होतो, पण तुम्ही दुसऱ्या टॅबवर असाल तर तोच कंट्रोल डी ते पान बुकमार्क करतो आणि माइक राहतो चालू. माझ्या बुकमार्कमध्ये अशी वीसेक पानं आहेत, प्रत्येक म्हणजे एक शिंक किंवा कुकरची शिट्टी जी सगळ्यांनी ऐकली. आणि समोरचा टॅब बंद करणाऱ्या कंट्रोल डब्ल्यू बद्दल तर बोलायलाच नको, क्लायंटसमोर डेमो देताना दुसरा टॅब बंद करायला गेले आणि मीटिंगच बंद केली 🤦‍♀️

त्यावर उपाय सापडला, ब्राउझरच्या मेनूत 'ॲप म्हणून इन्स्टॉल करा' असं असतं, ॲडमिन राईट्स न लागता माझ्याकडे झालं, वेगळी विंडो मिळते, टास्कबारवर वेगळा आयकॉन येतो, वीस टॅबच्या गर्दीत शोधत बसावं लागत नाही. कंट्रोल डब्ल्यू मात्र त्या विंडोतही चालतो, हे परवाच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये कळलं.