कौसा येथील आखाती उपाहारगृह: भात उत्तम, भिंतीवरचा तक्ता कच्चा

मुंब्रा-कौसा परिसरात ‘मंदी’ हा अरबी पद्धतीचा मांस-भात मिळणारी ठिकाणे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. मात्र जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील ज्या उपाहारगृहाविषयी येथे लिहीत आहे, त्याने आपली सारी सजावट आखाती देशांच्या क्रीडास्पर्धांवर बेतली आहे. खाद्यपदार्थांच्या यादीत सौदी अरेबिया, कुवेत, बहरीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान यांची स्वतंत्र पाने आहेत, आणि कौटुंबिक दालनाची एक संपूर्ण भिंत या देशांमधील स्पर्धांचा इतिहास सांगणाऱ्या रंगीत तक्त्याने व्यापली आहे. ज्या वस्तीतील कितीतरी घरांचा चरितार्थ आखातातील नोकरीवर चालत आला, तेथे ही कल्पना सुचावी हे स्वाभाविक आहे आणि ती मला मनापासून आवडली.

जेवण चांगले आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. सौदीच्या पानावरील कबसा हा भात मांसाच्या रश्श्यातच शिजवलेला असल्याने त्याचा दाणा मोकळा राहूनही कोरडा लागत नाही. मच्बूस या मसालेदार मांस-भातात वाळवलेल्या काळ्या लिंबाचा आंबट-तुरट स्वाद नेमका उतरला आहे. अनेक ठिकाणी त्याऐवजी साधे लिंबू पिळून वेळ मारून नेली जाते, तसे येथे होत नाही. ओमानचा शुवा, म्हणजे मसाला लावून पानांत गुंडाळलेले आणि जमिनीखालच्या भट्टीत तासन्‌तास शिजवलेले मांस, आपल्याकडच्या पोपटीची आठवण करून देतो. येथे भट्टी अर्थातच जमिनीखाली नाही, तरी मांस हाडापासून अलगद सुटते. खजुराच्या पाकातील ‘लुकैमात’ हे तळलेले गोळे मात्र थंड आणि चिवट होते. तक्रार एकच आहे: कुवेत, बहरीन, कतार आणि अमिराती या चारही पानांवर मच्बूस आहे, दर वेगवेगळे आहेत, पण चारही देश एकाच पातेल्यातून वाढले जातात. वाढप्याने हे हसतच कबूल केले.

आता त्या भिंतीकडे वळतो, कारण लोक तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात आणि मुलांना वाचून दाखवतात. तक्त्याचे शीर्षक ‘आखाती क्रीडास्पर्धा, १९७० पासून’ असे असून खाली आठ देशांचे ध्वज आहेत. येथे दोन निरनिराळ्या स्पर्धांची सरमिसळ झाली आहे. १९७० मध्ये बहरीनमध्ये सुरू झाला तो आखाती चषक, आणि ती केवळ फुटबॉलची स्पर्धा आहे. पहिल्या वर्षी तिच्यात बहरीन, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया हे चारच संघ होते व कुवेत विजयी ठरला. पुढे अमिराती आणि ओमान आले, तसेच इराक १९७६ मध्ये आणि येमेन २००३ मध्ये त्यात आला, म्हणून आज ध्वज आठ होतात. अनेक खेळांची आखाती स्पर्धा ही पुष्कळ अलीकडची गोष्ट आहे. १९८१ मध्ये अबू धाबी येथे स्थापन झालेल्या आखाती सहकार्य परिषदेच्या सहा सदस्य देशांपुरतीच ती मर्यादित असून तिचे पहिले आयोजन २०११ मध्ये बहरीनमध्ये, दुसरे २०१५ मध्ये सौदी अरेबियातील दम्माम येथे आणि तिसरे २०२२ मध्ये कुवेतमध्ये झाले. इराक आणि येमेन यांचे ध्वज त्या यादीत बसत नाहीत. त्यातच एका कोपऱ्यात १९५३ च्या अलेक्झांड्रियाचा उल्लेख आहे. ती अरब क्रीडास्पर्धांची सुरुवात होती, आणि त्या स्पर्धा मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या साऱ्या अरब देशांच्या आहेत. चुलत घराण्याची वंशावळ आपल्या घरात लावल्यासारखे ते झाले आहे.

या चुकांपेक्षाही मला खटकले ते असे की, २०१५ आणि २०२२ यांच्यामधील सात वर्षे तक्त्याने एका बाणाने उडवून लावली आहेत. सांगण्यासारखे जे आहे ते नेमके तेथेच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे दम्मामची स्पर्धा झाली त्याच महिन्यात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने कुवेतला निलंबित केले. परिणामी कुवेतचे नेमबाज फुहैद अल-दीहानी यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे सुवर्णपदक जिंकले ते आपल्या देशाच्या ध्वजाखाली नव्हे, तर ऑलिंपिक ध्वजाखाली. पुढे जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती आणि बहरीन यांनी कतारशी संबंध तोडले, आणि त्या वर्षअखेरचा आखाती चषक कतारहून कुवेतला हलवावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातील अल-उला येथे समेट झाल्यानंतरच सहाही शेजारी पुन्हा अनेक खेळांच्या आखाती स्पर्धेसाठी एकत्र आले, आणि मे २०२२ मध्ये कुवेतमध्ये महिला खेळाडू या स्पर्धेत प्रथमच उतरल्या. पदकतालिकेत यजमान कुवेत अव्वल राहिला. ज्या भिंतीसमोर इतक्या मुली आपल्या आईवडिलांसोबत जेवायला बसतात, तिच्यावर एवढे एक वाक्य असायला हवे होते.

दालनातील दूरचित्रवाणी संचावर फुटबॉलचे जुने सामने दाखवले जातात. मी गेलो तेव्हा बहरीनने ओमानला २-१ असे हरवलेला जानेवारी २०२५ चा अंतिम सामना सुरू होता. हरकत काहीच नाही, पण अनेक खेळांच्या नावाने सजवलेल्या जागेत हँडबॉलला तरी स्थान हवे. कतारचा पुरुष संघ २०१५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता, आणि त्याच देशाच्या मुताझ बर्शिमने टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक इटलीच्या खेळाडूसोबत वाटून घेतले, ते दृश्य तर जेवता जेवता कोणीही पाहील.

सेवा तत्पर आहे, आवाज थोडा जास्त आहे. दोघांचे पोटभर जेवण हजार रुपयांच्या आसपास होते, आणि एक मोठे ताट चौघांनी घेतल्यास ते आणखी परवडते. व्यवस्थापकांना तक्त्यातील चुका सांगितल्या तेव्हा त्यांनी त्या कागदावर लिहून घेतल्या व नवा तक्ता छापण्याआधी दुरुस्त करू, असे सांगितले. शुवा हवा असल्यास आदल्या दिवशी दूरध्वनी करून ठेवावा लागतो. मंदी आणि कबसा रात्री उशिरापर्यंत मिळतात. शनिवारी व रविवारी रस्त्यावर वाहन उभे करायला जागा सापडणे कठीण असल्याने मुंब्रा स्थानकावरून रिक्षाने येणे अधिक सोयीचे पडेल.