नवा शिकारी मासा : जिवंत खाद्य द्यावं की गोठवलेलं?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लायनफिश किंवा अँगलरफिश आणला की पहिल्या आठवड्यात एकच घोर लागतो: हा खात का नाही? मग कुणीतरी जिवंत गोल्डफिश टाकायला सांगतं, मासा क्षणात झडप घालतो, आपला जीव भांड्यात पडतो आणि पुढे तेच खाद्य महिनोन् महिने चालू राहतं. मासा आज काय खाईल आणि जन्मभर काय खाऊन धडधाकट राहील, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझं मत आधीच सांगतो. कायमचं खाद्य गोठवलेलंच असावं. जिवंत खाद्य मासा दुसरं काहीच घेत नसेल तेव्हाच द्यावं, तेही नीट निवडून आणि काही आठवड्यांपुरतं.

जिवंत खाद्याची जमेची बाजू खरी आहे. लायनफिश, अँगलर, स्कॉर्पियनफिश हे भक्ष्य ओळखतात ते हालचालीवरून. समोर निश्चल पडलेला कोळंबीचा तुकडा त्यांच्या लेखी अन्नच नसतो. पकडणं, वाहतूक, नवं पाणी, नवा उजेड हे सगळं सोसून आलेल्या माशाला समोर काहीतरी वळवळताना दिसलं, तर तो खायला लागण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पण काय वळवळतंय, याला फार महत्त्व आहे. गोल्डफिश हा सर्वांत वाईट पर्याय. कार्प कुळातल्या या माशाच्या शरीरात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते खाणाऱ्याच्या शरीरातलं ब१ जीवनसत्त्व मोडतं. कमतरता हळूहळू साचते. भूक मंदावते, तोल जातो, झटके येतात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी समुद्री माशांपेक्षा वेगळी असते. समुद्री शिकाऱ्याला लागणारी ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं तिच्यात कमी पडतात आणि दीर्घकाळात यकृतावर ताण येतो. गर्दीत वाढवलेल्या स्वस्त फीडर (खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या) माशांसोबत जिवाणूंचे आजार येतात ते वेगळेच.

जिवंत द्यायचंच असेल तर मॉली बरा. तो हळूहळू पूर्ण खाऱ्या पाण्याला सरावतो, त्यामुळे टँकमध्ये टाकल्यावर तडफडून मरत नाही. आधी काही दिवस त्याला चांगलं समुद्री खाद्य खाऊ घातलं, तर ते पोषण पुढे शिकाऱ्यापर्यंत पोचतं. बुटक्या जातीच्या लायनफिशसाठी आणि छोट्या स्कॉर्पियनफिशसाठी मला घोस्ट श्रिम्प ही पारदर्शक छोटी कोळंबी जास्त पसंत आहे. गोड्या पाण्यातली असेल तर ती खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही, म्हणून एका वेळी मोजक्याच सोडाव्यात आणि उरलेल्या लगेच काढाव्यात. समुद्रातून पकडलेले जिवंत छोटे मासे पोषणाला उत्तम, पण त्यांच्यासोबत क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, थेट टँकमध्ये येऊ शकतो. वेगळ्या टँकमध्ये काही आठवडे ठेवल्याशिवाय ते देऊ नयेत.

गोठवलेल्या खाद्यात कोळंबी, माकूल, शिंपल्याचं मांस, मायसिस आणि क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव), सिल्व्हरसाइड (छोटे रुपेरी मासे) असं पुष्कळ काही मिळतं, आणि हे वैविध्यच त्याचं मोठं बळ आहे. नुसत्या मांसाच्या फोडींपेक्षा डोकं, काटे, पोट यांसकट आख्खा छोटा मासा किंवा सालीसकट कोळंबी जास्त पोषक. मात्र गोठवल्याने थायामिनेज नष्ट होत नाही आणि काही समुद्री मासे व कोळंब्यांमध्येही ते असतं. म्हणून एकाच प्रकारावर विसंबू नये आणि आठवड्यातून एकदा तरी खाद्य जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवून द्यावं. शिजवलेलं, खारवलेलं किंवा मसाला लावलेलं काहीही नको. खाद्य फ्रिजमध्ये वितळवून सुटलेलं पाणी फेकून द्यावं, कारण ते टँकमध्ये फॉस्फेट वाढवतं.

पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्या, हे पूरक म्हणून ठीक. ग्रूपर आणि ट्रिगरफिश ते आवडीने खातात. टपून बसणारे शिकारी क्वचितच घेतात.

माशाच्या जातीनुसार निर्णय बराच सोपा होतो. मोरे ईलची नजर कमजोर आणि नाक तल्लख, त्यामुळे तिला जिवंत खाद्याची गरज सहसा पडतच नाही. वितळलेल्या माकुलाचा वास पुरतो. ग्रूपरही हावरट. खरी परीक्षा अँगलरची आणि बुटक्या लायनफिशची. अजून मासा घेतला नसेल तर विकणाऱ्याला तो तुमच्यासमोर खाऊन दाखवायला सांगा. गोठवलेलं खाणारा मासा थोडा महाग असला, तरी मी तोच घेईन.

जिवंतवरून गोठवलेल्यावर आणायला एक लांब, बारीक, पारदर्शक काडी लागते. आधी जिवंत कोळंबीच काडीच्या टोकाशी धरून द्यायची, मग नुकतीच मेलेली, मग वितळवलेली. संध्याकाळी दिवे मंद करून, पंप बंद ठेवून, तुकडा माशाच्या तोंडापासून थोडा दूर हलवायचा. अंगावर नेला तर तो बिचकतो. काही सेकंदांत प्रतिसाद नसेल तर थांबा, उद्या पुन्हा. हाताने भरवणं टाळाच: लायनफिशला १८ विषारी काटे असतात, पाठीवर १३, खालच्या परांच्या जोडीत २ आणि शेपटीजवळच्या खालच्या परात ३. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४० ते ४५ अंश, बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो.

तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, पिल्लांना जवळजवळ रोज लागतं. मोठा, भरलेल्या अंगाचा लायनफिश एक-दोन आठवडे उपाशी राहिला तरी घाबरून गोल्डफिश आणायला धावू नका. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकी वाट पाहू नये. पोट आत गेलेलं दिसत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा मासा समोरच्या जिवंत कोळंबीकडेही बघत नसेल, तर खाद्य बदलत बसण्याआधी अमोनिया, क्षारता आणि अंगावरचे परजीवी तपासा.