क्लाइंबिंग आणि डायव्हिंग एकाच सहलीत: रेले, को ताओ की केमन ब्रॅक?

दोघांनाही कडे चढायचेत, दोघांनाही पाण्याखाली उतरायचंय आणि सुट्टी एकच आहे. अशा जोडप्यांच्या बोलण्यात तीन नावं हमखास येतात: थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरचं रेले, थायलंडच्याच आखातातलं को ताओ आणि कॅरिबियनमधलं केमन ब्रॅक. फोटो पाहून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही, कारण तिन्ही जागा देखण्या आहेत. दोघांपैकी कोण कशात नवखं आहे, हे आधी बघा. दोराच्या दोन टोकांना तुम्हीच दोघं, पाण्यातही एकमेकांचे बडी, म्हणजे सोबती, तुम्हीच. त्यामुळे जो कच्चा, त्याच्याच चालीनं सहल चालणार.

त्याआधी महिना मात्र पक्का करा. रेलेचा कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. को ताओला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. देश एक असला तरी दोन किनाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळणार असेल तर रेलेचा हट्ट सोडा, को ताओला जा. केमन ब्रॅकला जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो.

रेले: आधी कडा, मग समुद्र

रेले खरं तर बेट नाही, भूशिर आहे. पण चुनखडीच्या कड्यांनी जमिनीकडची वाट अडवल्यामुळे जवळच्या आओ नांग गावाहून लाँगटेल बोटीनंच जावं लागतं. क्लाइंबिंगसाठी तिघांत हीच जागा सरस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोर अडकवायला खडकात बोल्ट मारलेले शेकडो रूट, म्हणजे चढाईच्या वाटा, इथे आहेत. नवख्यांसाठी ‘वन-टू-थ्री वॉल’, अनुभवी लोकांसाठी शेजारच्या टोनसाय किनाऱ्याचे अंगावर येणारे कडे आणि लांब मल्टीपिच, म्हणजे टप्प्याटप्प्यानं चढायचा रूट, करायचा असेल तर ‘ह्युमॅनॅलिटी’. लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांना मिठी मारत, गुडघे अडकवत चढण्याची मजा को ताओच्या ग्रॅनाइटवर मिळत नाही. ओहोटीला रेले वेस्टवरून टोनसायला खडकांवरून चालत जाता येतं. भरती लागली की बोट घ्या किंवा जंगलातल्या पायवाटेनं जा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. उष्ण, खारट हवेत आणि चुनखडीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आतून तडकू शकतो, आणि बाहेरून तो चकचकीतच दिसतो. म्हणून इथल्या क्लाइंबर मंडळींनी गेली अनेक वर्षं जुने बोल्ट काढून खडकात गोंदानं बसवलेले टायटॅनियमचे बोल्ट लावायचं काम चालवलं आहे. ताजं गाइडबुक घ्या, कोणत्या रूटवर नवे बोल्ट आहेत हे तिथल्या क्लाइंबिंग दुकानात विचारा आणि संशयास्पद बोल्टवर पडायची वेळ आणू नका.

डायव्हिंग चांगलं आहे, पण दारात नाही. फि फि बेटांजवळचे बिदा नोक आणि बिदा नाय हे खडक, किंवा 1997 मध्ये खडकावर आदळून बुडालेली ‘किंग क्रूझर’ ही फेरीबोट, यासाठी अख्खा दिवस बोटीला द्यावा लागतो. हिन डाएंग आणि हिन मुआंग हे समुद्रातले खडक ही खरी मेजवानी. मात्र तिथे को लांता बेटाहून जाणं सोयीचं, आणि खोली व प्रवाह पाहता दोघांनाही अनुभव हवा.

को ताओ: शिकायचं असेल तर

जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट, आणि डायव्हिंग शिकण्यासाठी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागांपैकी एक. तुमच्यापैकी एकाकडे अजून ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं) सर्टिफिकेट नसेल तर इथेच या. कोर्सला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात दुसरा सर्टिफाइड जोडीदार चुम्फॉन पिनॅकल हा पाण्याखालचा सुळका किंवा 2011 मध्ये मुद्दाम बुडवलेली ‘सत्तकुट’ ही नौदलाची नौका पाहून येऊ शकतो. ती सुमारे 30 मीटरवर टेकलेली आहे, म्हणून ॲडव्हान्स्ड (पुढच्या पातळीचं) सर्टिफिकेट असलेलं बरं.

चढाई इथे जंगलातल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर. खडक खरखरीत, बोटांची सालं काढणारा. बोल्डरिंग, म्हणजे दोराविना बुटक्या धोंड्यांवर चढणं, आवडणाऱ्यांना मौज वाटेल, लांब रूटची भूक असलेल्यांना लवकरच कंटाळा येईल.

केमन ब्रॅक: दोघंही तयार असाल तरच

बेटाच्या पूर्व टोकाला ‘ब्लफ’ हा चुनखडीचा कडा चाळीसेक मीटर उंच आहे. अनेक रूटना वरून रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, लाटांच्या वरच्या कंगोऱ्यावर उतरायचं आणि तिथून चढत बाहेर यायचं. चढता आलं नाही, तर सोपी वाट नसते. दोराच्या आधारे स्वतःची सुटका करणं दोघांनाही यायला हवं. ब्राउन बूबी पक्षी याच कड्यावर घरटी करतात, त्यांच्यापासून लांब राहा. पाण्यात सोव्हिएत बनावटीची, क्युबाच्या नौदलातली फ्रिगेट आहे. 1996 मध्ये ‘कॅप्टन कीथ टिबेट्स’ या नावानं ती इथे बुडवली. खर्च मात्र जबर: एक केमन डॉलर म्हणजे 1.20 अमेरिकी डॉलर.

आता जोडप्यांचाच म्हणून एक प्रश्न: वजनातला फरक. वजनदार जोडीदार लीड करताना, म्हणजे दोर खालून वर नेत पुढे चढताना, पडला, तर खाली दोर धरणारा हलका जोडीदार (बिलेअर) उडून पहिल्या बोल्टवर आपटू शकतो. पहिल्या बोल्टला लावायचं एडेलरिडचं ‘ओम’ हे साधन त्यासाठीच आहे, ते सोबत न्या. पाण्याखाली हाच फरक वेगळा दिसतो. धिप्पाड माणसाची हवा बहुधा आधी संपते आणि दुसऱ्याला सिलिंडर अर्धा भरलेला असतानाही त्याच्यासोबत वर यावं लागतं. यावर रुसवा नको, सिलिंडरमधल्या हवेचा दाब किती बारवर आला की परत फिरायचं, हे पाण्यात शिरण्याआधीच ठरवा.

दोन्ही खेळ एकाच दिवसात कोंबू नका. डायव्हनंतर जोराचा व्यायाम टाळायला सांगतात, आणि पाण्यात मऊ पडलेल्या बोटांच्या कातडीला खडक सोसत नाही. एक दिवस कडा, एक दिवस पाणी, अशी पाळी ठेवा. विमा काढताना क्लाइंबिंग आणि डायव्हिंगची खोली या दोन्हींचा उल्लेख पॉलिसीत आहे ना, हे वाचून घ्या.

दोघंही ओपन वॉटर झालेले असाल आणि सुट्टी डिसेंबर ते मार्चमध्ये असेल, तर मी रेले सुचवेन, पण क्रम उलटा ठेवून: आधी को लांता किंवा फि फिला डायव्हिंग, मग रेलेला चढाई. सलग अनेक दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं असतं. शेवटचे दिवस कड्यावर गेले की ते तास आपोआप भरतात.