क जीवनसत्त्वासाठी पेरू की पपई?

क जीवनसत्त्व मिळावे म्हणून रोज एखादे फळ खायचे ठरवले, की पेरू आणि पपई ही दोन नावे लगेच पुढे येतात. केवळ आकडे पाहिले तर पेरूच सरस ठरतो. 100 ग्रॅम पेरूमध्ये सुमारे 228 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच पपईत ते 60 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि ज्या संत्र्याचे नाव यासाठी सर्वाधिक घेतले जाते त्यात त्याहूनही थोडे कमी. प्रौढ पुरुषाची रोजची गरज 90 आणि स्त्रीची 75 मिलिग्रॅम धरली, तर 50 ग्रॅम पेरूवर ती भागते; पपई मात्र त्यासाठी दीडशे ग्रॅमपर्यंत खावी लागते. तरीही निवड एवढ्यावरच करू नये. गरज भागल्यानंतरचे जास्तीचे क जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही, ते बहुतांशी लघवीवाटे निघून जाते.

रक्तात लोह कमी असलेल्या आणि मुख्यतः शाकाहारी जेवण घेणाऱ्या व्यक्तीने मात्र पेरूचाच विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते विरघळलेले ठेवते आणि त्यामुळे शोषण वाढते. हे घडायचे तर दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात. म्हणून जेवणानंतर तीन-चार तासांनी खाल्लेल्या मोठ्या पेरूपेक्षा जेवणाबरोबर खाल्लेल्या चार फोडी या कामी अधिक उपयोगी पडतात. पपईही जेवणाबरोबर हेच काम करते, फक्त फोडी जास्त घ्याव्या लागतात. अर्थात रक्तक्षयावर डॉक्टरांनी औषध दिले असेल तर फळ हे त्याच्या जोडीला घ्यायचे, त्याऐवजी नव्हे. ज्यांच्या शरीरात लोह साठून राहण्याचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

बद्धकोष्ठतेसाठीही पेरूचे पारडे जड आहे, कारण त्यात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ असतात आणि पपईत दोन ग्रॅमही नसतात. मात्र पाणी पुरेसे प्यायला हवे, आणि पेरू पिकलेला हवा; कच्च्या पेरूत तुरटपणा जास्त असतो.

दात आणि कवळी हा प्रश्न आकड्यांत दिसत नाही. माझ्या आईला कवळी बसवल्यावर पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन हिरड्यांना टोचू लागल्या आणि तिने पेरू खाणेच सोडले. त्यानंतर बियांचा मधला गर चमच्याने काढून उरलेल्या कडेचे पातळ काप सालीसकट द्यायला आम्ही सुरुवात केली. क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरातच अधिक असल्याने त्यात फारसा तोटा होत नाही. ज्यांना हेही चावत नाही, त्यांच्यासाठी पिकलेली मऊ पपई निःसंशय चांगली.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर पपईकडे वळणे बरे. पेरूत 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते, पपईत त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. उलट गर्भवती स्त्रियांनी कच्ची व अर्धवट पिकलेली पपई टाळावी, कारण तिच्यात चीक असतो. ज्यांना रबराच्या चिकाची ॲलर्जी आहे, त्यांनीही पपईबाबत जपावे. मधुमेहात दोन्ही फळे बेताने चालतात, पण रस काढून नव्हे. गाळलेल्या रसात साखर राहते आणि तंतू गाळणीत जातात.

सर्दी टळेल या आशेने यांपैकी कोणतेही फळ निवडू नये. नियमित क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, तिचा काळ थोडा कमी होतो इतकेच.

फळ कोणतेही घेतले तरी ते खायच्या वेळीच चिरावे. क जीवनसत्त्व हवेने आणि उष्णतेने कमी होते, त्यामुळे सकाळी फोडी करून उघड्या ठेवलेल्या किंवा शिजवून मुरांबा केलेल्या पेरूकडून 228 मिलिग्रॅमची अपेक्षा धरता येत नाही.