व्यायामाच्या रॉड-प्लेटचा 50 किलोचा सेट, उन्हाळा अन पावसाळा काढल्यावर (खास बायांसाठी)

फेब्रुवारीत घेतला होता, आता दिवाळी झाली, म्हणून सविस्तर लिहून राहिली. सगळ्यात आधी हे, की सेटसोबत 1.25 किलोच्या प्लेटा वेगळ्या मागून घ्या. दुकानदार 5 अन 2.5 च्या देतो अन म्हणतो चालते, नाही चालत! माझा 4 फुटी रॉड किराणावाल्याच्या काट्यावर 5 किलो भरला (50 मध्ये रॉड धरलेला नसतो), त्यावर दोन्हीकडे 5-5 म्हणजे 15, खांद्याची प्रेस (रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) इथंवर आली अन मग 2.5-2.5 लावले की सरळ 20, एका झटक्यात तिसरा हिस्सा वाढला, कोणाचा खांदा ऐकेल सांगा? 1.25 लावले तर 17.5, ते जमते. नंतर अर्ध्या किलोच्याही आणल्या. बायांची प्रगती इथंच अडते अन मग वाटते आपल्याच्यानं होत नाही.

डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलणं) प्लेटा छोट्या पडतात, रॉड फार खाली राहतो अन पाठ वाकते, दोन्हीकडे प्लेटांखाली विटा ठेवा. आता सेटमधल्या सगळ्या प्लेटा चढवून 55 उचलते, भरलेलं सिलिंडर 30 किलोच्या आसपास असते, ते एकटी उचलून ठेवते.

आठवड्यातून तीन दिवस, वहीत लिहून. पहिले दीड-दोन महिने ताकद वाढते पण आरशात काही दिसत नाही, कारण आधी मेंदू अन नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात, स्नायू भरायला वेळ लागते, तेव्हा सोडू नका बाप्पा.

अन खाणं! दर किलो वजनामागं 1.6 ग्रॅम प्रोटीन धरलं तर माझ्या 60 किलोला 96 ग्रॅम लागते, वाटीभर वरणात 6-7 च निघते. 50 ग्रॅम कोरड्या सोया वडीत 26 ग्रॅम, मी सावजी रश्श्यात टाकते, घरचे सगळे मागून खातात. त्यावर 3 अंडी, पनीर, दही. डबा नाही घेतला पावडरचा.

मे महिन्यात तापमान 45 च्या वर गेलं तेव्हा पहाटेच करायची, व्यायामाचे फेरे (सेट) कमी केले, दिवस नाही. कूलरच्या ओलाव्यानं अन पावसाळ्यात प्लेटा गंजतात, शिलाई मशीनचं तेल पुसलं की पुरते.

4 फुटी रॉड स्टँडवर बसत नाही, स्क्वाट (खांद्यावर रॉड घेऊन उठक-बैठक) नीट होत नाही, हाच याचा मोठा कमीपणा. बर्डीवर (नागपूरचं सीताबर्डी मार्केट) 6 फुटी पाहून आली, पुढच्या पगारात घेते.