खान अकॅडमी की जिओजेब्रा? नववीच्या गणितासाठी

खान अकॅडमी ही शिकवणारी वेबसाइट, जिओजेब्रा हे आकृत्या-आलेख काढायचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो वर्गात नक्की काय हवंय याचा.

खान अकॅडमीत व्हिडिओ आणि सराव दोन्ही मिळतं, पोरगं अडलं की हिंट एकेक पायरी उलगडत जाते, आणि वर्ग बनवून घेतला तर कोण कुठे अडकलंय ते टीचरला दिसतं. आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत एकदम इंग्रजीत पडलेली पोरं असतात ना, त्यांना हिंदीतले व्हिडिओ बरे पडतात. पण खरं सांगू, नुसते व्हिडिओ लावले की मागच्या बाकावरचे झोपतात.

जिओजेब्रा शिकवत काहीच नाही, ते दाखवतं. २००१ मध्ये ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टरने सुरू केलेलं. त्रिकोण काढा, पाया तसाच ठेवा आणि वरचा बिंदू पायाला समांतर रेषेवरून सरकवत न्या, त्रिकोण कितीही तिरका होवो, क्षेत्रफळाचा आकडा हलत नाही. फळ्यावर हे दाखवायला अख्खा तास जातो आणि तरी निम्म्यांना पटत नाही! शिवाय कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही, म्हणजे पावसात सत्तरी तालुक्यात लाईट गेली, नेट गेलं तरी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर तास चालतो.

तयारी मात्र टीचरलाच करावी लागते, आणि गुणाकारच कच्चा असलेल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सरळ खान.

भूमिती आणि आलेखांना मी डोळे झाकून जिओजेब्रा घेईन.